मनोरमेचं जेवण

धोंडीराम विधाते यांनी गर्गे बाईंच्या मांजरांना जेवू घालायची धमकी दिली, तेव्हा निम्मी कॉलनी गॅलरीत उभी राहून ऐकत होती.

"एक दिवस असं जेवू घालीन ना या दोघांना, की परत भूक म्हनून लागायची नाय!"

शेताच्या या टोकावरून त्या टोकाला 'मोटर बंद कर' म्हणून सांगायचा जो आवाज असतो, त्या आवाजात ते हे बोलले. त्यामुळे ज्यांना गॅलरी नव्हती त्यांनीही ते ऐकलं. कारणही तसं होतं. दसऱ्याच्या झेंडूसाठी त्यांनी रोपं टाकली होती. तो सगळा वाफा बंडू नावाच्या बोक्याने पहाटे उकरून ठेवला होता आणि वर आपल्या कामाची निशाणीही ठेवली होती.

मखमलाबादच्या रस्त्याला विधात्यांची फुलशेती होती. अर्धी जमीन प्लॉट पाडून विकली गेली, तिच्यावर कॉलनी झाली. उरलेल्या जमिनीत धोंडीराम आणि त्यांची बायको बायडाबाई झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब करत. कॉलनीतला अगदी शेवटचा बंगला सुवर्णा गर्गे यांचा. बंगला आणि शेत यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत होती. माणसांच्या दृष्टीने ती भिंत होती, मांजरांच्या दृष्टीने पायरी.

सुवर्णाबाई पन्नाशी ओलांडलेल्या. लग्न केलं नाही. शहरात रविवार कारंजाच्या चौकाजवळ त्यांचे टायपिंगचे क्लास होते. घरोघरी कॉम्प्युटर आल्यापासून क्लासातली यंत्रं एकेक करून मुकी होत चालली होती, आणि बाईंचा मोकळा वेळ मांजरांच्या वाट्याला येत होता. मांजरं दोन. बंडू हा तरणा, मस्तवाल, काहीही खाणारा. मनोरमा ही म्हातारी, पांढरी, कानाशी थोडी करडी. तिचे बहुतेक दात गेले होते, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी तिला ओलं खाणंच द्यायला सांगितलं होतं. ते पाकिटात मिळायचं. मऊ तुकडे आणि भोवती दाटसर रस. शरणपूर रोडचा एक दुकानदार ते मुंबईहून मागवून द्यायचा.

पंचाईत अशी की ते माशाचं असायचं. ज्या गर्ग्यांच्या घरात कधी अंडंही शिरलं नव्हतं, तिथे आता दिवसातून दोनदा मागच्या पडवीत मासळी उघडली जायची. बाई नाकाला पदर लावून, तोंड भिंतीकडे करून, वेगळ्या ठेवलेल्या चमच्याने ते वाडग्यात काढायच्या आणि मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवायच्या.

वाफ्याच्या भांडणानंतर धोंडीराम आणि सुवर्णाबाई यांचं बोलणं बंद झालं. बायडाबाईंचं मात्र चालू होतं. त्यांचं कुणाशीच कधी बंद पडत नसे.

२००५ सालच्या श्रावणात एका सकाळी सुवर्णाबाई भिंतीपाशी आल्या, त्या पिशवी भरूनच.

"बायडाताई, मला इगतपुरीला जावं लागतंय. आमची वेदिका, माझी भाची, शेवाळावरून घसरली. पायाला प्लॅस्टर. तिचा नवरा रेल्वेत गार्ड आहे, आज घरी तर उद्या भुसावळला. आणि पदरात दोन वर्षांचं पोर."

"मग जा की ताई. विचारताय काय?"

"मांजरांचं काय करू?"

"त्यात काय! दूध-भाकरी कुस्करून घालीन सकाळ-संध्याकाळ."

"दूध मनूला सोसत नाही. तिला ते पाकिटातलंच लागतं." सुवर्णाबाईंनी आवाज खाली आणला. "माशाचं."

बायडाबाईंचा हात आपोआप गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला.

"मला नाय हात लावता यायचा ताई. माळ हाय. त्यात श्रावन." मग त्यांचा चेहरा उजळला. "पन आमचे हे हायेत की! त्यांना कुठं माळ हाय?"

"ते?"

"ते."

दोघींनी शेताकडे पाहिलं. धोंडीराम उकिडवे बसून त्याच वाफ्यात मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं लावत होते आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. ते बंडूबद्दलच असणार, याविषयी दोघींनाही शंका नव्हती. पण इगतपुरीची गाडी थांबणार नव्हती. सुवर्णाबाईंनी किल्ली बायडाबाईंच्या हातात ठेवली.

दुपारी हे कळल्यावर धोंडीरामांच्या हातातला घास हातातच राहिला.

"मी? त्या बोक्याला? अगं, लोकं काय म्हनतील!"

"लोकं म्हनतील, मानूस चांगला हाय."

"लोकं म्हनतील, घातलं इख! समद्यांनी ऐकलंय माझं बोलनं. ती म्हातारी मांजर आज ना उद्या तिच्या मरनानं मरायची, आन् नाव माझं व्हायचं."

"मग मरू देऊ नका, म्हंजे झालं," बायडाबाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

पहिल्या संध्याकाळी धोंडीराम चोरासारखे गर्गे बाईंच्या घरात शिरले. पाकीट फोडलं आणि वास सुटला. आषाढ संपल्यापासून त्यांनी मासळी तोंडात घातली नव्हती. एरवीही त्यांना ती बाहेरच, कुणाच्या तरी मळ्यात चुलीवर शिजवून खावी लागे. ते चमचा हातात धरून क्षणभर तसेच उभे राहिले.

"बंड्या," ते म्हणाले, "तुझी मजा हाय लेका."

बंडूने आपलं वाडगं चाटूनपुसून लख्ख केलं आणि मनोरमेच्या वाडग्याकडे मोर्चा वळवला. धोंडीरामांनी एका पायाने त्याला अडवून धरलं. पण मनोरमा आलीच नाही. ती आतल्या खोलीत पलंगाखाली भिंतीला टेकून बसली होती. वाडगं त्यांनी पलंगापाशी नेलं. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं बँकेतला साहेब फाटक्या नोटेकडे पाहतो.

दुसऱ्या दिवशीही तेच. पाणी थोडं प्यायली असावी, पण खाणं जसंच्या तसं.

"मन रमंना तिचं," बायडाबाईंनी निदान केलं. "नावच मनोरमा, आन् मन रमंना."

"तुला इनोद सुचतोय. हितं माझ्यावर बालंट यायची येळ आलीय."

त्यात सुलाबाई आल्या. त्या देवळापाशी हार विकायच्या आणि रोज संध्याकाळी विधात्यांकडे फुलं न्यायला यायच्या. फुलं नेताना गावातल्या बातम्या देऊन जायच्या, आणि जाताना कॉलनीतल्या घेऊन जायच्या.

"काय हो भाऊ," त्यांनी टोपली कमरेला लावत विचारलं, "ती पांढरी म्हातारी भिंतीवर दिसत नाय हल्ली? बरी हाय ना?"

धोंडीरामांनी न मागताच त्यांच्या टोपलीत दोन मुठी फुलं जास्तीची घातली.

त्याच संध्याकाळी ते वाडगं घेऊन पलंगाखाली डोकं घालून बसले असताना बाहेरच्या खोलीत फोन वाजला. उठताना पलंगाची पट्टी डोक्याला लागली. डोकं चोळत त्यांनी रिसीव्हर उचलला. भांडणानंतर पहिल्यांदाच दोघं एकमेकांशी बोलत होते.

"विधाते? मी सुवर्णा गर्गे. मनू कशी आहे?"

"हाय."

"खाते ना?"

धोंडीरामांनी खोटं बोलायचा विचार केला, पण जमलं नाही. "नाय खात बाई. दोन दिस झाले. मी काय बी केलेलं नाय, शपथ घेतो. पाकीट जसं दिलं तसंच फोडलं."

सुवर्णाबाई म्हणाल्या, "त्या फोनला खाली एक हिरवं बटण आहे. ते दाबा आणि रिसीव्हर ठेवून द्या. आवाज सगळ्या खोलीत येईल."

त्यांनी बटण दाबलं. आणि मग गर्गे बाईंच्या त्या नीटनेटक्या खोलीत, टायपिंगच्या परीक्षेत मुलांना चळचळा कापायला लावणारा तो आवाज अचानक मधात बुडवून काढल्यासारखा झाला.

"ये गं माझी राणी! माझी सोन्याची चिमणी ती! कुणी रागावलं माझ्या बाळाला? एक घास काऊचा, एक घास चिऊचा, आणि एक घास माझ्या मनूचा. ये, ये, ये, ये."

धोंडीराम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले. दुसरीकडे कुठे पाहावं ते त्यांना सुचेना. एवढ्यात पायाशी काहीतरी हललं. मनोरमा पलंगाखालून बाहेर आली होती. शेपूट वर करून ती फोनपाशी गेली, फोनला कान घासले आणि मग वाडग्याशी बसून पचपच आवाज करत खाऊ लागली.

"खाल्लं बाई! खाल्लं!" धोंडीराम ओरडले. बंडूला अडवायचं ते विसरले, तेवढ्यात त्याने एक तुकडा पळवला.

मग रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. आधी मनोरमेचं जेवण व्हायचं, मग दोन वाक्यं माणसांची.

"तिकडे पाऊस कसा आहे, विधाते?"

"हितं भुरभुर. रोपांना बरा हाय. तुमच्याकडं?"

"इथे आभाळ फाटलंय. चार दिवसांत एक कपडा वाळलेला नाही. वेदिकेचा मुलगा छत्री घेऊन झोपतो."

धोंडीराम हसले. फोन ठेवल्यावर आपण हसलो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी उगाचच बंडूला दम भरला.

पण इगतपुरीच्या पावसाने शेवटी डाव साधला. एका संध्याकाळी फोन आला नाही. धोंडीरामांनी रिसीव्हर उचलून दिलेला नंबर फिरवला, तर नुसती खरखर. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या पीसीओतून लावून पाहिला. पीसीओवाला म्हणाला, तिकडच्या सगळ्या लाइनी बंद आहेत, घाटात केबल वाहून गेली म्हणतात.

मनोरमा फोनसमोर बसून होती. पुढचे दोन्ही पाय जुळवून, मान किंचित तिरकी करून, एखाद्या म्हाताऱ्या बाईने देवापुढे बसावं तशी. वाडग्याकडे तिने पाहिलंही नाही. धोंडीरामांनी वाडगं उचलून फोनपाशी, तिच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. आता त्यांना सुलाबाईंची भीती वाटत नव्हती असं नाही, पण ती मागे पडली होती.

"खा की गं," ते म्हणाले.

आवाज तोच, मोटर बंद करण्याचा. मनोरमा उठून पलंगाखाली गेली.

धोंडीरामांनी पुढचं दार लावून घेतलं. मागचं दारही लावलं. खिडकी तेवढी उघडी ठेवली, कारण वास कोंडला असता. मग त्यांनी घसा साफ केला, खाली बसले आणि बारीक आवाज काढला.

"ये गं माझी..."

'राणी' हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात फक्त पत्ते खेळताना वापरला होता.

"माझी रानी," त्यांनी एकदाचं म्हटलं.

पलंगाखाली एक कान हलला.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. खुंटीवर बाईंची जुनी करडी शाल होती. ती त्यांनी डोक्यावरून घेतली, पार कपाळापर्यंत ओढली. शालीला बाईंच्या घराचा वास होता, चंदनाच्या साबणाचा आणि टायपिंगच्या शाईचा.

"ये गं माझी रानी! सोन्याची चिमनी ती माझी! कोन रागावलं बाळाला? कोन मेला रागावला?"

मनोरमा बाहेर आली. ती थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. समोर शाल बाईंची होती आणि शालीतून मिशा बाहेर आल्या होत्या. काय करावं हे तिला ठरवता येत नसावं. पण पोटात भूक होती. ती आली, वाडग्याशी बसली आणि खाऊ लागली.

एकदा सुरुवात झाल्यावर धोंडीरामांना त्यात गोडी वाटू लागली. दुसऱ्या दिवसापासून ते पदरचं घालू लागले. "माझी गुलाबाची कळी," म्हणाले. "माझी शेवंती," म्हणाले. "तुझ्याबिगर मला करमत नाय गं," असंही एकदा म्हणून गेले, आणि मग स्वतःच दचकून थांबले.

नेमकं हे शेवटचं वाक्य सुलाबाईंनी ऐकलं. त्या फुलांची टोपली घेऊन खिडकीखालून चालल्या होत्या. जागच्या जागी थिजल्या. सुवर्णाबाई तर इगतपुरीला. आणि आत धोंडीरामभाऊ, दारं लावून, कुणाला तरी राणी म्हणतायत!

टोपली सावरत त्या थेट बायडाबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"वैनी, तुमी बसा आधी."

"का? काय झालं?"

"तुमचे हे त्या बंगल्यात कुनाला तरी शेवंती म्हनतायत."

"शेवंती हायच की आपल्याकडं. भाव सांगत असतील कुनाला."

"असा भाव कुनी सांगत नसतो वैनी. 'तुझ्याबिगर करमत नाय' म्हनले! माझ्या या कानांनी ऐकलं. गळा पन असा काढला होता, बाईमानसासारका."

बायडाबाईंनी हातातला विळा ठेवला, पदर खोचला आणि निघाल्या. भिंत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ओलांडली. सुलाबाईही मागोमाग येऊ लागल्या, तेव्हा बायडाबाईंनी वळून नुसतं पाहिलं. सुलाबाई भिंतीच्या अलीकडेच थांबल्या.

मागच्या पडवीच्या जाळीतून बायडाबाईंनी आत डोकावलं. त्यांचा नवरा, ज्याला त्यांनी आजवर फक्त उपरणं आणि टोपी यांतच पाहिलं होतं, तो बायकी शाल डोक्यावरून घेऊन जमिनीवर बसला होता. डावा पाय लांब करून त्याने एका बोक्याला कोपऱ्यात दाबून धरलं होतं, आणि पांढऱ्या मांजरीच्या तोंडाशी तोंड नेऊन तो म्हणत होता, "अजून एकच घास, माझ्यासाठी. खातीस ना रानी?"

बायडाबाईंना आधी हुंदका आल्यासारखं वाटलं, पण बाहेर पडलं ते हसू. जाळीला धरून त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या. धोंडीरामांनी वर पाहिलं. शाल काढायचीही शुद्ध त्यांना राहिली नाही. मनोरमा मात्र त्या आवाजाने पळाली, अर्धं वाडगं तसंच टाकून.

"हसतीस काय!" धोंडीराम खेकसले. "जीव चाललाय तिचा! घालवली ना? आता परत पहिल्यापासून!"

"मग म्हना की पहिल्यापासून," डोळे पुसत बायडाबाई म्हणाल्या. "मी गप बसते."

आणि बायकोच्या देखत, लाजेने कानाच्या पाळ्या लाल झालेल्या अवस्थेत, धोंडीरामांना सगळं पुन्हा म्हणावं लागलं. राणीपासून शेवंतीपर्यंत. बायडाबाई पडवीत नाकाला पदर लावून बसल्या होत्या. सुरुवातीला त्यांचे खांदे हलत होते. मग हळूहळू हलायचे थांबले.

घरी जाताना त्या बांधावरून पुढे चालल्या होत्या. त्यांनी भाकरी थापली, भाजी वाढली. धोंडीराम नेहमीप्रमाणे भरभर जेवले, ताटात हात धुतला आणि उठू लागले. तेव्हा त्या म्हणाल्या, "एक विचारू?"

"विचार."

"मी जेवले का उपाशी हाय, हे तुमाला कधी कळलं का?"

"म्हंजे काय? घरातच तर असतीस. जेवत असशीलच."

"ती मांजर बी घरातच असती."

धोंडीराम बाहेर जाऊन शेवंतीच्या वाफ्यापाशी उभे राहिले. तिथे त्या वेळी करण्यासारखं काहीच काम नव्हतं.

दोन दिवसांत फुलबाजारात सगळ्यांना कळलं. सुलाबाईंनी गोष्ट अर्धीच सांगितली होती, त्यामुळे ती जास्त चांगली झाली होती. हमालांपासून आडत्यापर्यंत जो तो विचारी, "काय विधाते, राणी कशी हाय?" धोंडीराम आधी चिडले. मग एकदा वैतागून म्हणाले, "बरी हाय. सकाळी दोन घास जास्त खाल्ले." त्यानंतर लोकांनी विचारणं सोडलं, कारण न चिडणाऱ्या माणसाला विचारण्यात काय मजा!

आणि मग इगतपुरीची लाइन सुरू झाली. संध्याकाळी फोन वाजला. धोंडीराम आणि बायडाबाई दोघंही तिथेच होते. बायडाबाई आता रोज येऊन पडवीत बसत. त्यांनी एकदा स्वतः बोलावून पाहिलं होतं, पण मनोरमेने त्यांच्या गोड आवाजाकडे साफ दुर्लक्ष केलं होतं. फोन वाजताच धोंडीरामांनी हिरवं बटण दाबलं.

"विधाते! मनू आहे ना? आठवडाभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. खाल्लं का तिने काही?"

"खाती बाई. काळजी नका करू."

"मी बोलते तिच्याशी. ये गं माझी राणी! माझी सोन्याची चिमणी!"

मनोरमेने फोनकडे पाहिलं. मग ती वळली आणि धोंडीरामांच्या पुढ्यात येऊन बसली. मान तिरकी करून वाट पाहू लागली.

"आली का?" फोनमधून आवाज आला.

"नाय," धोंडीराम हळूच म्हणाले.

"मनू! एक घास काऊचा... आली?"

"नाय बाई."

"असं कसं? मग इतके दिवस ती खात कशी होती?"

धोंडीरामांनी बायडाबाईंकडे पाहिलं. बायडाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. सुटकेचा मार्ग नव्हता. धोंडीरामांनी शाल डोक्यावरून घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले, "ये गं माझी रानी! सोन्याची चिमनी ती माझी!"

मनोरमा खाऊ लागली. खोलीत फक्त तिचा पचपच आवाज. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येईना. लाइन पुन्हा गेली की काय, असं धोंडीरामांना वाटलं, आणि ती गेली असावी अशी त्यांनी मनोमन प्रार्थनाही केली.

मग सुवर्णाबाईंनी विचारलं, "मी अशी बोलते?"

"अगदी अशीच नाय," धोंडीराम चाचरत म्हणाले. "तुमचा आवाज जरा बारीक हाय."

फोनमधून जो आवाज आला तो आधी खोकल्यासारखा वाटला. मग कळलं की गर्गे बाई हसतायत. त्यांना हसताना विधात्यांच्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. पाठीमागे एक लहान पोर काहीच न कळता हसत होतं, वेदिकाही हसत "काय झालं मावशी?" विचारत होती, आणि इकडे बायडाबाईंच्या तोंडातला बोळा केव्हाच बाहेर पडला होता.

वेदिकेचं प्लॅस्टर निघालं आणि सुवर्णाबाई परत आल्या. येताना इगतपुरीचा तांदूळ आणला होता. पिशवी खाली ठेवून त्यांनी हात पसरले. "मनू! बाळ माझं!"

मनोरमेने त्यांच्याकडे पाठ केली, खिडकीत जाऊन बसली आणि आपला पंजा चाटू लागली. संध्याकाळी बाईंनी पाकीट फोडलं, नाकाला पदर लावून वाडग्यात काढलं आणि साऱ्या जुन्या शब्दांनी तिला बोलावलं. काही उपयोग झाला नाही. तेव्हा त्या भिंतीपाशी आल्या.

"धोंडीरामभाऊ, जरा येता का?"

'विधाते'चं 'धोंडीरामभाऊ' झालं होतं हे बायडाबाईंच्या लगेच लक्षात आलं. धोंडीराम हात धुऊन गेले. मनोरमा त्यांना पाहताच खिडकीतून उतरली.

"मी बोललो तर ती खाईल," धोंडीराम म्हणाले, "पन रोज रोज मी कसा येनार? गनपती आलेत, फुलांचा सिझन. तुमीच शिका."

"माझंच बोलणं मी शिकू?"

"तसं नाय. माझ्यासारकं म्हना. आवाज जरा घोगरा काढा."

सुवर्णाबाईंनी घसा खाकरला. "ये गं माझी राणी."

मनोरमा बघत राहिली.

"'राणी' नाय बाई. 'रानी' म्हना. आन् 'चिमनी'."

ज्या बाईने तीस वर्षं मुलांच्या टायपिंगमधल्या 'न' आणि 'ण'च्या चुकांना लाल शाईने गोल केले, तिने एकदा वर छताकडे पाहिलं. मग खुंटीवरची शाल डोक्यावरून घेऊन, घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "ये गं माझी रानी. सोन्याची चिमनी ती माझी. कोन मेला रागावला?"

मनोरमा डुलत डुलत आली आणि खाऊ लागली. सुवर्णाबाईंनी डोळे पुसले आणि नाकावरचा पदर कधी सुटला हे त्यांना कळलंही नाही.

गणपतीत विधात्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पहाटे फुलं तोडायची, गोणपाटात बांधायची, टेम्पोत चढवायची. आरास करणारी मंडळं रात्रीच्या रात्री मागण्या सांगून जात. अशा धबडग्यात एका दुपारी धोंडीराम बाजारातून आले. चूल विझत आली होती. बायडाबाईंनी त्यांना वाढलं, ते भरभर जेवले, आणि हात धुऊन नेहमीसारखे बाहेर निघाले. उंबरठ्यापाशी थांबले. परत आले आणि पाटावर बसले.

"काय राहिलं?" बायडाबाईंनी विचारलं. "भाकरी देऊ अजून?"

"नाय. तू घे वाढून."

"मी घेईन मागून. तुमी जा, टेम्पो उभा हाय."

"उभा राहू दे."

बायडाबाईंनी त्यांच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. मग उरलेल्या दोन भाकरींतली एक ताटात घेतली, ठेचा घेतला, कांदा फोडला. धोंडीराम समोर बसले होते. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. एकदा मांडीवर ठेवले, एकदा गुडघ्यावर. घसा साफ केला, आणि तेवढ्यात बायडाबाईंनी घास हातात धरूनच त्यांना दटावलं.

"रानी-बिनी म्हनाल तर उठून जाईन. या वयात लाज वाटती मला."

"नाय म्हनत."

"मग काय म्हनत होता?"

"हेच, की झेंडूला आज बरा उठाव होता."

"बरं."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. धोंडीरामांची चुळबुळ झाली, पण ते उठले नाहीत. बोलायला आणखी काही सुचतंय का, ते शोधत राहिले.

"बोलायलाच पायजे असं नाय," बायडाबाई म्हणाल्या, आणि दुसरी भाकरी घ्यायला हात पुढे केला.